एल-ई-ए-डी : 'लीड' कुठे म्हणायचं आणि 'लेड' कुठे

प्रश्न असा आहे : एल-ई-ए-डी असं स्पेलिंग असलेला इंग्रजी शब्द कोणी 'लीड' वाचतं, कोणी 'लेड'. यातलं बरोबर काय, आणि या शब्दाचे अर्थ तरी किती?

दोन्ही उच्चार बरोबर आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. शब्दाचा अर्थ शिसं हा धातू असेल, किंवा एखाद्या वस्तूला ते नाव शिशावरून पडलं असेल, तर उच्चार 'लेड'. बाकी झाडून सगळ्या अर्थांना 'लीड'. नेहमीच्या वापरात याला अपवाद सापडत नाही. त्यामुळे अर्थांची यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वेळी एकच विचारायचं : इथे शिशाचा संबंध आहे का?

हे नाम आणि क्रियापदाचं प्रकरण नाही, हे आधी सांगायला हवं. 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट' अशा शब्दांत नाम असेल तर आघात पहिल्या अवयवावर (म्हणजे शब्दाच्या एका झटक्यात म्हणायच्या भागावर) आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, असा नियम शिकवला जातो. तोच इथे लावायला गेलं की हमखास चूक होते. 'लीड' हे क्रियापद आहे, नाम आहे आणि विशेषणासारखंही वापरतात. 'लेड' हे नाम आहे आणि शिशाचं अस्तर देणं, शिशाच्या पट्ट्या बसवणं या अर्थी क्रियापदही आहे. व्याकरणातली जात पाहून काही कळत नाही. मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग तेवढं योगायोगाने एक झालं. म्हणूनच चांगल्या शब्दकोशात त्यांच्या दोन स्वतंत्र नोंदी असतात, माथ्यावर बारीक १ आणि २ घालून. कोश उघडल्यावर पहिलीच नोंद वाचून थांबलात तर अर्धाच शब्द हाती लागतो.

हा योगायोग कसा घडला ते पाहिलं तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप लक्षात राहतात. जुन्या इंग्रजीत 'नेणं' या अर्थाच्या क्रियापदात लांब 'ॲ'सारखा स्वर होता आणि धातूच्या नावात लांब जोडस्वर. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत हे दोन्ही स्वर एकाच लांब 'ए'सारख्या आवाजात मिसळले आणि तो आवाज लिहिण्यासाठी ई-ए ही जोडी रूढ झाली. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले लांब स्वर एकेक पायरी वर सरकले. त्यात क्रियापदातला स्वर 'ई'पर्यंत पोचला : लीड. धातूच्या नावातला स्वर मात्र तिथे पोचण्याआधीच आखूड झाला आणि 'ए'वरच अडकला : लेड. असा आखूड होणारा तो एकटाच नव्हता. ब्रेड, डेड, हेड, थ्रेड, स्प्रेड, ट्रेड (पाऊल टाकणं या अर्थाचा) हे सगळे ई-ए-डीवाले शब्द त्याच्याबरोबर आखूड झाले. बीड (मणी), रीड (वाचणं), प्लीड यांचा स्वर लांबच राहिला. कोणता शब्द कुठल्या गटात गेला याला पक्का नियम नाही, त्यामुळे ई-ए-डी दिसलं म्हणजे उच्चार कळला, असं होत नाही.

आता या शब्दाची सगळ्यात जास्त आढळणारी चूक. तिच्यावर जरा थांबतो, कारण चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या मजकुरातही ती दिसते. 'लीड' या क्रियापदाचा भूतकाळ 'लेड', आणि त्याचं स्पेलिंग एल-ई-डी. तीन अक्षरं, मध्ये ए नाही. 'शी लेड द टीम फॉर फाइव्ह इयर्स' यातला 'लेड' एल-ई-डी असाच लिहायचा. पुष्कळ जण इथे एल-ई-ए-डी लिहितात. त्यामागे दोन कारणं आहेत. धातूचं नाव 'लेड' असंच उच्चारतात आणि त्यात ए असतो, त्यामुळे कानावर 'लेड' पडलं की हात सवयीने ए घालतो. दुसरं कारण 'रीड'. त्याचा भूतकाळ 'रेड' असा उच्चारतात, पण स्पेलिंग बदलत नाही. मग 'लीड'ही तसंच चालत असेल असं वाटतं.

खरं तर नियमाबाहेर आहे तो 'रीड'. फीड–फेड, ब्लीड–ब्लेड (रक्त वाहणं), ब्रीड–ब्रेड (पैदास करणं), स्पीड–स्पेड ही क्रियापदं पाहा. सगळ्यांचा भूतकाळ आखूड 'ए'चा आणि स्पेलिंगमध्ये एकच ई. जुन्या इंग्रजीत भूतकाळाचा प्रत्यय लागला की 'ड'चं द्वित्व व्हायचं आणि द्वित्वापूर्वीचा लांब स्वर आखूड व्हायचा. ही रूपं तिथून आली. एल-ई-डी हा भूतकाळ याच रांगेतला आहे. लिहिताना त्याला फेड आणि स्पेड यांच्या शेजारी ठेवा, 'रीड'च्या नको.

स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर या चुकीत भरवशाचं नाही, कारण एल-ई-ए-डी हाही खरा शब्दच आहे. काही वेळा लाल रेघ येत नाही आणि चूक छापून जाते. तपासायला दोन सोपे उपाय आहेत. वाक्यात त्या जागी 'गाइड' घालून पाहा. 'गाइडेड' बसत असेल तर एल-ई-डी, नुसतं 'गाइड' बसत असेल तर एल-ई-ए-डी. दुसरा उपाय : आधी हॅज, हॅव किंवा हॅड असेल आणि पुढचा शब्द क्रियापद असेल, तर एल-ई-डीच. 'वॉज' आणि 'वेअर' यांच्यापुढे मात्र थबकायचं. 'द मार्च वॉज लेड बाय स्टुडंट्स' यात एल-ई-डी हवं, पण 'शी वॉज लीड ऑथर' यात एल-ई-ए-डी बरोबर आहे, कारण तिथे अर्थ 'मुख्य' असा आहे. 'मेन' घालून वाक्य टिकतं का पाहिलं की शंका मिटते. तसंच 'द वॉटर हॅड लेड इन इट' यात पाण्यात शिसं होतं, म्हणजे धातू, म्हणून पुन्हा एल-ई-ए-डी.

'मिसलीड'चा भूतकाळ 'मिसलेड', एम-आय-एस-एल-ई-डी. हा शब्द डोळ्यांनी वाचताना अनेक वाचक तो चुकीच्या जागी तोडतात आणि 'मायझल्ड' असा काही तरी वेगळाच शब्द आहे असं समजतात. मिस् आणि लेड असा तोडा, आघात 'लेड'वर.

उच्चाराकडे वळू. मराठी बोलणाऱ्याला या शब्दात अडचण येते ती 'लीड' आणि 'लेड' यांतल्या निवडीपेक्षा त्यांच्या शेजाऱ्यांमुळे. इंग्रजीत ल आणि ड यांच्यामध्ये नुसता स्वर बदलून जे शब्द होतात, त्यांतले पाच इथे घेऊ. एल-आय-डी, म्हणजे झाकण. एल-ई-ए-डी, नेणं. एल-ई-डी, नेलं, शिसं हा धातूही याच उच्चाराचा. एल-ए-आय-डी, म्हणजे 'ले' (ठेवणं, अंथरणं) या क्रियापदाचा भूतकाळ. आणि एल-ए-डी, म्हणजे मुलगा. इंग्रजी कानाला हे पाच स्वच्छ वेगळे ऐकू येतात. मराठी तोंडातून त्यांचे तीनच होतात.

पहिली जोडी झाकण आणि नेणं. मराठी शब्दाच्या शेवटी व्यंजन ऐकू येत असेल तर त्याआधीचा इकार आपण लांबच म्हणतो : वीस, कीव, मीठ. त्यामुळे झाकणाचा 'लिड' तोंडातून 'लीड' होऊनच बाहेर पडतो. हे नुसतं लांबी वाढवून किंवा कमी करून सुटत नाही, कारण इंग्रजीत या दोन स्वरांची जागाही वेगळी आहे. 'लीड'मध्ये जीभ उंच आणि पुढे, ओठ ताणलेले, जवळपास हसल्यासारखे. 'लिड'मध्ये जीभ थोडी खाली आणि मागे, ओठ सैल, आवाज 'इ' आणि 'ए' यांच्या मधला. आरशासमोर 'लीड' म्हणा, मग ओठ आणि गाल सैल सोडून तोच शब्द तुटक म्हणा. ओठांचा ताण गेलेला आरशात दिसला पाहिजे.

दुसरी जोडी अधिक त्रासाची, कारण तिथे देवनागरीच घोळ घालते. धातूचा 'लेड' आणि एल-ए-आय-डीचा 'लेड' आपण एकाच अक्षराने लिहितो. मराठीचा 'ए' या दोन इंग्रजी स्वरांच्या मध्ये पडतो, त्यामुळे 'लेड पाइप' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'अंथरलेला पाइप' वाटू शकतो. धातूचा उच्चार करताना मराठी 'ए'पासून सुरुवात करा, जबडा किंचित खाली सोडा, स्वर 'ॲ'च्या दिशेने थोडा झुकू द्या, पण 'लॅड'पर्यंत जाऊ देऊ नका. जीभ एका जागी ठेवा. एल-ए-आय-डी म्हणताना उलट करा : 'ए'वर सुरू करून जीभ 'इ'कडे सरकू द्या, 'लेइड'. मराठी टिपणात तो 'लेइड' असाच लिहून ठेवला तर गोंधळ राहत नाही. बाकी लिपीने काहीही सुचवलं तरी कानाचं ऐकायचं.

शेवटचा 'ड' हाही लक्ष देण्याजोगा. मराठी 'ड' म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं. इंग्रजीत ते वरच्या दातांच्या लगेच मागच्या हिरडीला लागतं, म्हणजे आपल्या 'द' आणि 'ड' यांच्या मधोमध. शिवाय शब्दाच्या शेवटी हा 'ड' आपल्यासारखा फोडून म्हणत नाहीत. बऱ्याचदा तो अर्धवटच सुटतो. मग ऐकणाऱ्याला शेवटी 'ट' होता की 'ड' हे कळतं कशावरून? स्वराच्या लांबीवरून. 'ड'आधीचा स्वर इंग्रजीत 'ट'आधीच्या स्वरापेक्षा बराच लांब असतो. 'सीट' आणि 'सीड' (बी), 'लेट' (एल-ई-टी) आणि 'लेड' यांत हा फरक ऐका. म्हणून 'लेड'चा स्वर 'आखूड' असला तरी तुटक म्हणायचा नाही. स्वर जरा रेंगाळू द्या आणि 'ड' हलका सोडा. पुढे 'ट' आला, जसं 'लीड टाइम'मध्ये, तर 'ड' सुटतच नाही : जीभ हिरडीला टेकते, क्षणभर तशीच राहते आणि एकदम 'टाइम'साठी सुटते.

आता अर्थ. शिशाच्या बाजूचे आधी घेतो, कारण ते मोजके आहेत आणि 'शिशाचा संबंध आहे का' हा प्रश्न तिथेच कसोटीला लागतो.

शिसं म्हणजे अणुक्रमांक ८२ चं मूलद्रव्य. चिन्ह पी-बी, लॅटिन 'प्लंबम'वरून. इंग्रजी 'प्लंबर' आणि ओळंब्याला म्हणतात तो 'प्लंब बॉब' हे शब्दही तिथूनच आले. लेड पाइप, लेड पेंट, लेड पॉइझनिंग, लेड-ॲसिड बॅटरी यांत संशयाला जागाच नाही. इंधनाचा 'अनलेडेड' हाही याच बाजूचा. इंजिनातली ठोक थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालता येतं, याचा शोध १९२१ मध्ये लागला. असं पेट्रोल वाहनांसाठी विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथली विक्री २०२१ मध्ये थांबली. 'अनलीडेड' हा उच्चार मात्र चूकच.

पेन्सिलीत शिसं नसतं, तरी तिच्या कांडीला 'लेड'च म्हणतात. इंग्लंडमधल्या बॉरोडेल इथे सोळाव्या शतकात ग्रॅफाइटचा शुद्ध साठा सापडला. काळं, चकचकीत आणि कागदावर उमटणारं, म्हणून त्याला काळं शिसं समजलं गेलं. ते कार्बन आहे हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवलं, 'ग्रॅफाइट' हे नाव वेर्नर या खनिजशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये दिलं. तोवर नाव रुळलं होतं, इंग्रजीत तसंच आपल्याकडे 'शिसपेन्सिल' म्हणूनही. वस्तू बदलली तरी नाव शिशावरून आलं, म्हणून उच्चार 'लेड'. ०.५ मिलिमीटरच्या यांत्रिक पेन्सिलीची रिफिलही 'लेड'च.

छपाईतला 'लेडिंग' हा शब्द संगणकावर मजकूर मांडणारे रोज वापरतात आणि बरेच जण 'लीडिंग' म्हणतात. खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा दोन ओळींमध्ये अंतर ठेवायला शिशाच्या पातळ पट्ट्या घालत. त्या पट्ट्या म्हणजे 'लेड' आणि त्या घालणं म्हणजे 'लेडिंग'. १० पॉइंटच्या खिळ्यांच्या ओळींत २ पॉइंटची पट्टी घातली की एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंत १२ पॉइंट होतात. आजचं सॉफ्टवेअर 'लेडिंग' या चौकटीत हा १२ चा पूर्ण आकडा मागतं, नुसत्या पट्टीची जाडी नाही. शब्दाचा मूळ अर्थ माहीत असणारा माणूस इथे २ टाकून बसतो आणि ओळी एकमेकींवर चढतात.

जहाजावर पाण्याची खोली मोजायला दोरीच्या टोकाला शिशाचं वजन बांधून सोडत. ते वजन 'लेड', दोरी 'लेड लाइन', टाकणारा 'लेड्झमन'. वजनाच्या बुडाला खळगा असायचा, त्यात चरबी भरत. तळाची वाळू किंवा चिखल तिला चिकटून वर येई आणि खाली काय आहे ते कळे. 'स्विंग द लेड' हा ब्रिटिश वाक्प्रचार, अर्थ कामचुकारपणा करणं, त्यातही 'लेड'च. एखादी कल्पना साफ आपटली तर 'लेड बलून', तोही धातूच.

'लीड'चे अर्थ संख्येने पुष्कळ आहेत, पण सगळ्यांच्या तळाशी 'पुढे जाणं किंवा पुढे नेणं' एवढंच आहे. शर्यतीतली किंवा डावातली आघाडी. नाटकातली मुख्य भूमिका. पत्त्यांच्या खेळातली उतारी. तपास करणाऱ्यांना मिळालेला धागादोरा. विक्री विभागाला मिळालेलं संभाव्य ग्राहकाचं नाव. ब्रिटिश इंग्रजीत कुत्र्याला धरून न्यायचा पट्टा. वीज नेणारी वायर. ध्रुवीय समुद्रात बर्फ फाटून मधे तयार झालेली पाण्याची वाट. 'लीड टाइम' म्हणजे मागणी नोंदवल्यापासून माल हाती पडेपर्यंतचा काळ. त्यात कुणी कुणाचं नेतृत्व करत नाही, हे लक्षात आलं नाही की भाषांतर फसतं. 'लीडिंग क्वेश्चन' म्हणजे महत्त्वाचा प्रश्न नव्हे, ज्यात उत्तर आधीच सुचवलेलं आहे असा सूचक प्रश्न. 'लीडिंग झीरो' म्हणजे आकड्याच्या आधी येणारं शून्य. ब्रिटिश वृत्तपत्रांत 'लीडर' किंवा 'लीडिंग आर्टिकल' म्हणजे अग्रलेख. बातमीच्या पहिल्या परिच्छेदालाही 'लीड' म्हणतात, आणि अमेरिकी पत्रकार तो बऱ्याचदा एल-ई-डी-ई असा लिहितात, उच्चार 'लीड'च.

क्रियापद म्हणून वापरताना एक चूक आवर्जून टाळावी. 'लीड टु' म्हणजे 'ची परिणती अमुक गोष्टीत होणं'. यातला 'टु' शब्दयोगी आहे, म्हणून त्याच्यापुढे नाम किंवा आय-एन-जीचं रूप येतं. 'द फ्लड लेड टु द क्लोझिंग ऑफ द ब्रिज' बरोबर. 'द फ्लड लेड टु क्लोझ द ब्रिज' चूक. पण मध्ये माणूस आला की रचना बदलते : 'धिस लेड मी टु बिलीव्ह' यात मूळ क्रियापदच हवं. दोन्ही रचनांत 'टु' दिसतो म्हणून त्या एकमेकींत मिसळतात.

खरी परीक्षा होते ती दोन्ही शब्द एकाच खोलीत वावरतात तिथे. हृदयावर उपचार करणाऱ्या विभागात पाहा. क्ष-किरणांपासून बचावासाठी घालतात तो 'लेड ॲप्रन', आणि त्यावर ०.५ मिलिमीटर असा आकडा असेल तर तो तेवढ्या जाडीच्या शिशाइतकी अडवण्याची क्षमता सांगतो. पेसमेकरपासून हृदयापर्यंत जाणारी तार मात्र 'लीड'. 'लीडलेस पेसमेकर' म्हणजे तारेविना चालणारा. शिशाशी त्याचा काही संबंध नाही. ईसीजीमधली 'लीड' तर आणखी वेगळी. नेहमीच्या ईसीजीत १२ लीड असतात, पण अंगाला लावतात ते इलेक्ट्रोड १०च : हातापायांना ४, छातीवर ६. म्हणजे इथे 'लीड' ही तार नाही. दोन जागांमधल्या विद्युत-दाबाच्या फरकाची ती एक नोंद आहे, हृदयाकडे पाहायची एक दिशा. 'लीड २' ही नोंद उजवा हात आणि डावा पाय यांच्यामधली. तारा मोजून १२ भरत नाहीत म्हणून नवखे विद्यार्थी गोंधळतात, ते या शब्दामुळे.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये हा घोळ पैशांत मोजावा लागतो. सुट्या भागाला असलेले धातूचे पाय म्हणजे 'लीड'. ते जोडायच्या जुन्या सोल्डरमध्ये ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं, म्हणजे 'लेड'. ते १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून उपकरणांतल्या प्रत्येक एकसंध पदार्थातलं शिसं वजनाच्या ०.१ टक्क्यावर आणलं, मग 'लेड-फ्री' सोल्डर रूढ झालं. त्यातलं नेहमीचं मिश्रण २१७ ते २२० अंशांदरम्यान वितळतं. आता एल-ई-ए-डी-ई-डी हा शब्द घ्या. 'लीडेड' वाचला तर पाय असलेला भाग, 'लेडेड' वाचला तर शिसं असलेलं सोल्डर. चिपच्या पॅकेजच्या नावात 'नो-लीड' असं येतं, त्याचा अर्थ पाय नसलेली, बुडालाच जोड असलेली चिप. ती शिसेमुक्त आहे असं त्यातून निघत नाही. शिसेमुक्त हवी असेल तर 'लेड-फ्री' हे शब्द वेगळे शोधावे लागतात. मागणीपत्रकात या दोन शब्दांची गल्लत झाली तर चुकीचा माल येतो आणि तो चुकीच्या तापमानाला भाजला जातो. अशा पत्रकात पायांसाठी 'पिन' किंवा 'टर्मिनल' आणि धातूसाठी चिन्ह पी-बी लिहावं, हे उत्तम. त्याच बाकावर एल-ई-डी दिवाही असतो. ती आद्याक्षरं आहेत, म्हणून सुटी म्हणायची, 'लेड' नव्हे. त्या दिव्याच्या दोन 'लीड'पैकी लांब असते ती धन.

यंत्रशाळेत 'लीड स्क्रू' म्हणजे हत्यार किंवा टेबल पुढे नेणारा लांब स्क्रू. 'लीड' म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात नट किती पुढे सरकतो ते अंतर, आणि 'पिच' म्हणजे दोन शेजारच्या आट्यांमधलं अंतर. एकच आटा असेल तर दोन्ही सारखे. चार आटे बरोबर सुरू होत असतील आणि पिच २ मिलिमीटर असेल, तर लीड ४ गुणिले २, म्हणजे ८ मिलिमीटर. थ्री-डी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ८ च्या जागी २ गेला, तर छापलेल्या वस्तूची उंची चौपट फसते. आणि याच स्क्रूवरचा नट कधी 'लेडेड ब्राँझ'चा असतो, म्हणजे शिसं मिसळलेल्या मिश्रधातूचा.

एक जोडी अशी आहे की तिथे शब्द दोन्ही तेच आणि फरक फक्त उच्चाराचा. एल-ई-ए-डी आणि पुढे 'शीट'. संगीतकाराकडे 'लीड शीट' असतो : चाल, शब्द आणि वर कॉर्डची अक्षरं असलेला कागद. छत घालणाऱ्याकडे 'लेड शीट' असतो, शिशाचा पत्रा. लिखाणात तो संदर्भानेच ओळखायचा. संगीतात 'लीड गिटार' आणि 'लीड सिंगर' हेच उच्चार. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या लेड झेपेलिन या बँडने नावातला ए मुद्दाम गाळला, लोकांनी 'लीड' वाचू नये म्हणून.

साधित शब्द आणि गावांची नावंही तोच नियम पाळतात. 'लीडर' आणि 'लीडरशिप' नेण्यावरून. 'लेडन' म्हणजे शिशासारखं जड किंवा करडं, जसं 'लेडन स्काय'. लंडनमधलं लेडनहॉल हे नाव शिशाचं छप्पर असलेल्या वाड्यावरून पडलं आणि कोलोराडोतलं लेडव्हिल तिथल्या शिशाच्या खनिजावरून. इंग्लंडमधलं लीड्झ शहर दोन ई घालून लिहितात, त्याचा या शब्दाशी संबंध नाही.

मोठ्याने वाचायचा मजकूर तयार करत असाल, निवेदन असो, डबिंग असो की वर्गातला उतारा, तर एल-ई-ए-डी दिसेल तिथे दरवेळी माथ्यावर पेन्सिलीने 'ली' किंवा 'ले' लिहून ठेवा. वाचणारा माणूस वाक्य पूर्ण दिसण्याआधीच शब्द उच्चारून मोकळा होतो, आणि अर्थ ठरवणारा शब्द बऱ्याचदा नंतर येतो. 'द लेड इन द ओल्ड पाइप' यात 'पाइप' येईपर्यंत 'लीड' तोंडून गेलेला असतो. संगणकाकडून वाचून घेत असाल तर ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकाच. वाक्य आखूड किंवा संदर्भ पातळ असेल तर यंत्राचा अंदाज चुकू शकतो. अशा ठिकाणी फक्त यंत्राला द्यायच्या प्रतीत धातूसाठी एल-ई-डी लहान लिपीत आणि नेण्यासाठी एल-डबल-ई-डी लिहिलं की उच्चार हवा तसा येतो. मोठ्या लिपीत एल-ई-डी लिहिलंत तर यंत्र ती अक्षरं सुटी वाचू शकतं.